‘शाफ्ट’ असा घडला

भूमिका : जॉन शाफ्ट, न्यूयॉर्कमधला कृष्णवर्णीय खासगी गुप्तहेर. अर्नेस्ट टिडीमन यांच्या 1970 मधल्या कादंबरीचा नायक.

अभिनेता : रिचर्ड राउंडट्री (1942–2023). चित्रपटातली ही त्यांची पहिलीच प्रमुख भूमिका.

पूर्वतयारी : फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर महाविद्यालय, मग ‘एबनी फॅशन फेअर’साठी मॉडेलिंग. पुढे न्यूयॉर्कच्या ‘निग्रो एन्सेम्बल कंपनी’त रंगभूमीचे धडे. फिलाडेल्फियात ‘द ग्रेट व्हाइट होप’ नाटकात मुष्टियोद्ध्याची मुख्य भूमिका. कपडे मिरवण्याची ऐट मॉडेलिंगने दिली, आवाज आणि देहबोली नाटकाने.

दिग्दर्शकाचा हात : गॉर्डन पार्क्स मूळचे नामांकित छायाचित्रकार. नायकाच्या पेहरावावर त्यांची बारीक नजर होती. राउंडट्री मिशी उतरवायला निघाले, तेव्हा पार्क्स यांनीच त्यांना अडवले. लेदरचा लांब कोट आणि ती मिशी हीच पुढे शाफ्टची ओळख ठरली.

पडद्यावर : जुलै 1971 मध्ये प्रदर्शित. शीर्षकगीतासाठी आयझॅक हेझ यांना ऑस्कर. 1972 आणि 1973 मध्ये पुढचे दोन भाग. 2000 आणि 2019 च्या चित्रपटांत सॅम्युअल एल. जॅक्सन यांच्यासोबत राउंडट्री पुन्हा जॉन शाफ्ट.