संगणक शिक्षणाची परिषद आणि शाळाशिक्षकाचा प्रस्ताव

ठाणे रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस असलेले खोपट तेथील एस. टी. बस स्थानकामुळे परिचित आहे. या स्थानकावरून सुटणाऱ्या सहा गाड्यांच्या वेळा सहा चिठ्ठ्यांवर लिहून त्या सहा मुलांच्या हाती दिल्या आणि शाळेच्या पटांगणात खडूने रेषांचे एक जाळे आखले, तर संगणकशास्त्रातील एक महत्त्वाचा पाठ तेथेच सुरू होऊ शकतो. जाळ्यातील प्रत्येक वर्तुळात दोन मुले भेटतात, चिठ्ठ्या ताडून पाहतात. ज्याची गाडी आधीची तो डावीकडे आणि नंतरची तो उजवीकडे जातो. जाळे योग्य आखलेले असल्यास शेवटच्या ओळीत सहाही गाड्या वेळेच्या क्रमाने उभ्या राहतात. विस्कळीत माहिती क्रमवार कशी लावावी आणि अनेक तुलना एकाच वेळी केल्याने वेळ कसा वाचतो, हे मुलांना संगणकाविना उमगते. न्यूझीलंडमधील प्रा. टिम बेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा संगणकविरहित खेळांचा जगभर प्रसार केला आहे. स्थानिक वेळापत्रकावर तो बेतणे हे मात्र शिक्षकाचेच काम होय.

असा प्रयोग करणारा शिक्षक तो आपल्या शाळेपुरताच ठेवतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. वास्तविक असे अनुभव मांडण्यासाठी विद्वत्परिषदांमध्ये कार्यशाळांची स्वतंत्र सोय असते. संगणक शिक्षणाला वाहिलेली अमेरिकेतील परिषद १९७० मध्ये ह्यूस्टन येथे प्रथम भरली. भारतात ए. सी. एम. इंडियाची ‘कॉम्प्यूट’ परिषद २००८ मध्ये बेंगळुरू येथे सुरू झाली. पुढे तिचा भर संगणक शिक्षणावर आला आणि २०१९ चे अधिवेशन गोव्यात झाले. ठाण्यापासून जवळच असलेल्या पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत २०१० व २०१६ मध्ये ‘टेक्नॉलॉजी फॉर एज्युकेशन’ ही परिषद भरली होती. संगणक शिक्षणाची ‘कॉम्पएड’ ही जागतिक परिषद २०२३ च्या डिसेंबरात हैदराबादेत झाली. तात्पर्य, या परिषदा आता दूरच्या राहिलेल्या नाहीत. दूर राहिला आहे तो मराठी माध्यमाचा शिक्षक.

या अंतराचे परिणाम किरकोळ नाहीत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार माध्यमिकपूर्व टप्प्यातच मुलांना कोडिंगची ओळख करून द्यावयाची आहे. प्रत्येक मुलापुढे एक यंत्र व अखंड वीज आहे, असे गृहीत धरून पाठ तयार झाले, तर जेथे एका यंत्राभोवती दहा मुले बसतात तेथे ते निरुपयोगी ठरतील. ही परिस्थिती परिषदेपुढे तीच माणसे मांडू शकतात, जी दररोज तिच्यात वावरतात.

कार्यशाळा आणि ट्यूटोरियल यांत भेद आहे. ट्यूटोरियलमध्ये जाणकार व्यक्ती एखादा सिद्ध झालेला विषय क्रमाने शिकवते. कार्यशाळेत सहभागी स्वतः काही करतात, घडवतात, एकमेकांचे तपासतात. शाळाशिक्षकाला बहुधा कार्यशाळाच अधिक मानवते. परंतु नाव कार्यशाळेचे आणि तीन तास केवळ भाषण, अशा प्रस्तावांची संख्या थोडी नसते, आणि परीक्षकांना ते लगेच ओळखू येतात.

प्रस्ताव वाचणारे परीक्षक लेखकाला ओळखत नसतात. त्यांना शीर्षक, उद्दिष्टे, सहभागी कोण असावेत, त्यांना आधी काय येत असावे, किती जण सामावतील, कोणती साधने लागतील आणि आयोजकाचा पूर्वानुभव काय, एवढे हवे असते. यांतील प्राण म्हणजे वेळेचे नियोजन. वरील खेळावर तीन तासांची कार्यशाळा योजावयाची झाल्यास पहिली पंधरा मिनिटे परिचयास, चाळीस मिनिटे प्रत्यक्ष खेळास, पंचवीस चर्चेस, दहा विश्रांतीस द्यावीत. नंतरच्या तासाभरात प्रत्येक गटाने आपल्या गावातील बाजार, रेशन दुकान किंवा बस स्थानक यांवरून नवा खेळ रचावा आणि उरलेल्या अर्ध्या तासात तो दुसऱ्या गटाकडून खेळवून पाहावा. ‘संगणकाचे महत्त्व पटवून देणे’ हे उद्दिष्ट लिहू नये. ते तपासता येत नाही. ‘सहभागी शिक्षक आपल्या वर्गासाठी एक खेळ तयार करून घेऊन जाईल’ हे तपासता येते.

पुराव्याचीही अपेक्षा असते. पवईच्या संस्थेतील संशोधकांनी प्रोग्रामिंगच्या मोठ्या वर्गात ‘आधी स्वतः विचार, मग जोडीने, मग सर्वांसमोर’ ही पद्धत अभ्यासली आणि सरासरी ८३ टक्के विद्यार्थी तीत सातत्याने गुंतलेले आढळल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. शाळाशिक्षकाकडून एवढ्या मोठ्या अभ्यासाची अपेक्षा कोणी करीत नाही. दोन वर्गांत खेळ घेतला, मुले कोठे अडली, दुसऱ्या वेळी काय बदलले, एवढी प्रामाणिक नोंदही प्रस्तावास वजन देते. फसलेला भाग लपवू नये. अनुभवी परीक्षक तोच शोधत असतो.

बहुतेक परिषदांत प्रस्ताव कित्येक महिने आधी मागविले जातात आणि स्वीकृतीनंतर आयोजकालाही नोंदणी शुल्क भरावे लागू शकते. प्रवासखर्च व रजा यांचा विचार म्हणूनच आधी व्हावा. पंचायत समितीचे गटशिक्षणाधिकारी व मुख्याध्यापक यांनी येथे शिक्षकाच्या पाठीशी उभे राहण्यास हरकत नसावी. प्रस्ताव बहुधा इंग्रजीत लागतो. भाषेची अडचण असल्यास जवळच्या महाविद्यालयातील संगणक विषयाच्या प्राध्यापकास सहआयोजक म्हणून घ्यावे. दोघांची नावे एकत्र आल्याने प्रस्तावाचे बळ वाढते. मुलांचे मूळ संवाद मात्र मराठीतच द्यावेत, शेजारी भाषांतर जोडावे, आणि सहा चिठ्ठ्यांचा व खडूच्या जाळ्याचा नमुना परिशिष्टात आखून द्यावा.