दोघे, एक कुत्रा आणि अरण्यातील कॉटेज

सुट्टी म्हटली की हॉटेल, हे समीकरण आपल्याकडे पक्के आहे. इंग्लंडमध्ये मात्र या समीकरणाला फार जुना पर्याय आहे. खेड्यातील एखादे लहानसे घर आठवडाभर भाड्याने घ्यावे, स्वतः स्वयंपाक करावा, सकाळ-संध्याकाळ रानवाटांवर भटकावे आणि शनिवारी किल्ली परत करून घरी जावे, अशी ही पद्धत. या घरांत एका प्रकाराला विशेष मागणी असते. एकच शयनगृह असलेले, केवळ दोघांसाठीचे आणि पाळीव कुत्र्यालाही मुक्त प्रवेश देणारे कॉटेज. दक्षिण इंग्लंडमधील न्यू फॉरेस्ट हा प्रदेश अशा निवासासाठी प्रसिद्ध आहे. लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून निघालेली आगगाडी सुमारे दीड तासात ब्रोकनहर्स्ट या तेथील गावी पोहोचते.

‘न्यू’ म्हणजे नवे. पण हे अरण्य साडेनऊशे वर्षांचे जुने आहे. विजेता विल्यम या राजाने 1079 च्या सुमारास स्वतःच्या शिकारीसाठी ते राखून ठेवले. त्या काळी ‘फॉरेस्ट’ या शब्दाचा अर्थ दाट झाडी असा नसून राजाचे राखीव शिकारक्षेत्र असा होता. म्हणूनच ओक आणि बीच वृक्षांच्या राईंबरोबर येथे मैलोन्‌मैल उघडे माळही आढळतात. 2005 मध्ये या भागाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. उद्यानाचे क्षेत्र सुमारे 566 चौरस किलोमीटर असून त्यात बर्ली, मिन्स्टेड, लिंडहर्स्ट अशी गावे नांदती आहेत. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल यांची समाधी मिन्स्टेडच्या चर्चच्या आवारात आहे.

आज ज्या अरण्यात कुत्र्यांचे स्वागत होते, तेथेच एके काळी त्यांच्यावर मोठा अन्याय होत असे. राजाच्या हरणांचा पाठलाग करता येऊ नये म्हणून रयतेच्या मोठ्या कुत्र्यांच्या पुढच्या पायाच्या तीन नख्या छाटल्या जात. 1217 च्या अरण्य-सनदेने या प्रथेला मर्यादा घातली खरी. तथापि नख्या न छाटलेले कुत्रे सापडल्यास मालकाला तीन शिलिंग दंड त्याच सनदेने ठरवून दिला. लिंडहर्स्ट येथील जुन्या न्यायसभागृहात एक लोखंडी रिकीब जपून ठेवलेली आहे. तिच्यातून जे कुत्रे पार होईल ते लहान, त्याला अभय. जे अडकेल त्याच्या नख्या जाणार, अशी आख्यायिका सांगतात. रिकीब राजा विल्यम रूफसची असल्याचे म्हणतात, पण ती बरीच उत्तरकालीन असावी.

येथील जुन्या कॉटेजांच्या भिंती पुष्कळदा माती व गवताचा काला करून रचलेल्या असतात आणि छप्पर गवताने शाकारलेले असते. कोकणातील किंवा मावळातील जुने घर ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही बांधणी परकी वाटणार नाही. कुत्र्याला प्रवेश देणारे घर म्हणजे केवळ ‘कुत्रा चालेल’ अशी पाटी नव्हे. अंगणाला चारी बाजूंनी भक्कम कुंपण हवे, चिखलाचे पाय सहज पुसता येतील अशी फरशी हवी, दाराशी जुने टॉवेल हवेत. अटीही ठरलेल्या असतात. कुत्र्याने पलंगावर चढू नये, त्याला घरात एकटे सोडून जाऊ नये, एकापेक्षा अधिक कुत्री असल्यास आधी कळवावे. बहुतेक ठिकाणी दर कुत्र्यामागे वेगळे शुल्क असते. दृष्टिहीन वा अपंग व्यक्तीच्या साहाय्यक श्वानासाठी मात्र जादा आकार लावता येत नाही. 2010 च्या समानता कायद्याची तशी तरतूद आहे.

घरमालक ही उस्तवार का पत्करतात? उत्तर हिशेबात आहे. मुलाबाळांची कुटुंबे शाळेच्या सुट्ट्यांतच येतात. जुलै-ऑगस्टमध्ये घर भरलेले आणि नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रिकामे, ही या व्यवसायाची मुख्य अडचण आहे. मुले नसलेली किंवा मुले मोठी होऊन बाहेर पडलेली दांपत्ये शाळेच्या वेळापत्रकाला बांधलेली नसतात, आणि कुत्र्याला तर फिरायला बारमाही हवे असते. कुत्र्याला श्वानगृहात ठेवण्याचा खर्च वाचतो, म्हणून असे दांपत्य कॉटेजसाठी थोडे अधिक भाडे द्यायलाही तयार होते. रिकामे आठवडे भरणारा हा ग्राहक मालकाला म्हणूनच मोलाचा वाटतो.

भाड्याचा काही भाग आरक्षणाच्या वेळी आणि उर्वरित रक्कम मुक्कामाच्या काही आठवडे आधी द्यावी लागते. शिवाय मोडतोडीपोटी अनामत घेतली जाते. येथेच सावधगिरीची गरज आहे. खऱ्या घराची छायाचित्रे वापरून खोटी जाहिरात देणारे भामटे या क्षेत्रात पुष्कळ आहेत. ‘थेट खात्यात पैसे भरा, सवलत मिळेल’ हे त्यांचे नेहमीचे वाक्य. ब्रिटनमध्ये 1974 च्या ग्राहक पतपुरवठा कायद्यानुसार 100 पौंडांहून अधिक आणि 30,000 पौंडांपर्यंतच्या खरेदीसाठी ब्रिटिश क्रेडिट कार्ड वापरले असेल, तर विक्रेत्याच्या फसवणुकीला कार्ड देणारी संस्थाही जबाबदार धरता येते. थेट खात्यात भरलेल्या पैशाला हे कवच नाही. ऑक्टोबर 2024 पासून तेथील बँकांना अशा फसवणुकीत 85,000 पौंडांपर्यंत भरपाई देणे बंधनकारक झाले आहे; परंतु ती ब्रिटनमधील खात्यांच्या आपसातील व्यवहारांपुरती. भारतातून पाठवलेली रक्कम त्या छत्राखाली येत नाही.

न्यू फॉरेस्टमध्ये कुत्रा घेऊन जाणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावयास हवी. हे अरण्य रिकामे नाही. तेथील ‘कॉमनर’ म्हणजे घर-जमिनीशी जोडलेला चराईचा हक्क असलेले रहिवासी. त्यांची हजारो तट्टे, गुरे आणि गाढवे रानात व रस्त्यांवर मोकळी हिंडतात. रानटी वाटणाऱ्या प्रत्येक तट्टाला मालक असतो. या हक्कांची देखरेख ‘व्हर्डरर’ नावाचे दहा पंच करतात. त्यांपैकी पाच निवडून येतात. शरद ऋतूत ओकची फळे गळू लागली की डुकरे रानात सोडली जातात, कारण ती फळे तट्टांना व गुरांना विषारी ठरतात आणि डुकरे ती आवडीने फस्त करतात. मार्च ते जुलै या काळात टिटवी, रातवा असे पक्षी जमिनीवरच घरटी करतात. मोकाट सुटलेले एक कुत्रे क्षणार्धात घरटे उजाड करू शकते. कुत्रे गुरांच्या मागे लागले तर मालकावर खटला होतो. आणि अन्य उपाय नसताना गुरे वाचवण्यासाठी शेतकऱ्याने त्यास गोळी घातली, तर कायदा शेतकऱ्याला संरक्षण देतो. जुलै 2023 पासून तट्टांना खाऊ घालणे वा कुरवाळणे हासुद्धा दंडनीय अपराध आहे.

या साऱ्या चित्राला एक कडू बाजू आहे. सुट्टीसाठी घरे विकत घेणाऱ्यांची ऐपत गावकऱ्यांहून मोठी असते, त्यामुळे घरांच्या किमती स्थानिक तरुणांच्या आवाक्याबाहेर गेल्या आहेत. कॉमनर जनावरांपासून दूर राहू शकत नाही. त्याला गावात घर मिळाले नाही तर तट्टे पाळणारा उरणार नाही, आणि तट्टे चरली नाहीत तर माळावर झुडपे माजून अरण्याचे रूपच पालटेल. ज्या दृश्यासाठी पाहुणे येतात तेच असे धोक्यात येते. शासनाने अलीकडे करांचे पारडे बदलले आहे. सुसज्ज सुट्टीगृहांना मिळणाऱ्या खास आयकर सवलती एप्रिल 2025 पासून रद्द झाल्या. त्याच महिन्यापासून इंग्लंडमधील स्थानिक परिषदांना दुसऱ्या घरावर दुपटीपर्यंत कर आकारता येतो. घर व्यवसायात गणले जावे अशी इच्छा असल्यास ते वर्षातून 140 दिवस उपलब्ध आणि किमान 70 दिवस प्रत्यक्ष भाड्याने गेलेले असावे लागते. जुजबी व्यवसाय दाखवून करातून सुटण्याची वाट त्यामुळे अरुंद झाली आहे.

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मुलाकडे वा मुलीकडे जाणारी मराठी मंडळी हल्ली अशा कॉटेजात चार दिवस राहून येतात. त्यांपैकी काहींना आपला पुण्या-नागपूरचा कुत्राही सोबत न्यावा असे वाटते. हौस समजण्याजोगी असली तरी हे काम आठवड्याच्या सहलीसाठी नव्हे. भारतातून जाणाऱ्या कुत्र्याला आधी सूक्ष्मपट्टिका बसवावी लागते, मग रेबीजची लस, त्यानंतर किमान 30 दिवसांनी रक्ततपासणी, आणि रक्तनमुना घेतल्यापासून तीन महिन्यांची प्रतीक्षा. त्याशिवाय पट्टकृमीवरील उपचार व अधिकृत प्रमाणपत्र हवे. कागदपत्रे अपुरी असल्यास कुत्र्याला विलगीकरणात ठेवले जाते आणि त्याचा खर्च मालकाच्या माथी येतो. तेव्हा कायमच्या स्थलांतराचा बेत नसेल, तर घरचा कुत्रा घरच्यांकडे सोपवून जावे आणि मुलाच्या कुत्र्याची दोरी हाती धरून बर्लीच्या माळावर फिरावे, हे अधिक सोयीचे.