धक्का कोणी दिला?

भोरहून महाडला जाणारी गाडी वरंधा घाटात शिरली, की वळणे सुरू होतात. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. अशात गुरे आडवी येतात. ड्रायव्हर करकचून ब्रेक दाबतो. उभी असलेली माणसे एकदम पुढे जातात. पुढचा मागे वळून म्हणतो, "काय हो, ढकलता कशाला?"

खरे पाहता कोणीच ढकललेले नसते. मग धक्का कोणी दिला?

इंग्लंडात न्यूटन नावाचा मोठा शास्त्रज्ञ होऊन गेला. त्याचा एक ग्रंथ १६८७ साली प्रसिद्ध झाला. त्यात गतीचे तीन नियम आहेत. गती म्हणजे चाल. हे नियम आपण रोज अनुभवतो, फक्त त्यांची नावे आपल्याला ठाऊक नसतात.

पहिला नियम असा. थांबलेली वस्तू आपण होऊन हलत नाही. चालती वस्तू आपण होऊन थांबत नाही, की वळतही नाही. त्यासाठी बाहेरून जोर लागतो. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, गोटी तर आपोआप थांबते!" आपोआप नव्हे. जमीन तिला घासते, म्हणून ती थांबते.

आता गाडीकडे या. गाडीबरोबर आपले अंगही चालत असते. ब्रेक गाडीला थांबवतो, आपल्या अंगाला नाही. अंग पुढेच जाते. गाडी डावीकडे वळली, तरी अंग सरळ जाऊ पाहते. म्हणून आपण उजवीकडे कलतो. चालत्या गाडीतून उडी मारली, तर पाय जमिनीला टेकून थांबतात आणि वरचे धड पुढे जाते. माणूस तोंडावर पडतो. जवळच चाक असते. पुढचे सांगायला नको.

दुसरा नियम वजनाचा आणि जोराचा. रिकामी बैलगाडी बैल सहज पळवतात. तीच भाताच्या पोत्यांनी भरली, की बैलांना नेट लावावा लागतो. भरलेली गाडी पळवायला जोर जास्त, तसा थांबवायलाही जास्त. वेगाचेही तसेच. वेग दुप्पट झाला, तर तेवढ्याच ब्रेकने गाडी थांबायला चौपट अंतर लागते. उतारावर तर गाडी आणखी खाली ओढली जाते. म्हणून शहाणा ड्रायव्हर घाट चढताना जो गिअर लागतो, त्याच गिअरमध्ये उतरतो. गाडी बंद करून उतारावर सोडत नाही.

तिसरा नियम असा. आपण ज्याला रेटतो, ते आपल्यालाही तेवढ्याच जोराने उलट रेटते. चालताना आपण पायाने जमीन मागे रेटतो. जमीन आपल्याला पुढे ढकलते. भाताच्या खाचरात चिखलावर पाय घसरतो. तिथे जमिनीला नीट रेटता येत नाही, म्हणून पाऊल पुढे पडत नाही.

हा नियम आम्ही एकदा चांगलाच शिकलो. वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण आहे. पाणी लांबवर पसरते. आम्ही तरुण मास्तर होतो. होडीने पलीकडच्या गावी चाललो होतो. काखेत पहिलीची नवी पुस्तके. काठ हातभर राहिला आणि आम्ही घाईने उडी घेतली. आम्ही होडीला मागे रेटले. होडी हलकी, ती झटकन मागे सरकली. काठ राहिला पुढे, आणि आम्ही मध्येच पाण्यात! पाणी कमरेइतके होते म्हणून निभावले. पुस्तके मात्र भिजली. सातवीच्या वर्गाला हाच नियम आम्ही शिकवीत होतो. पण वेळेवर तो आठवला नाही!

मंडळी, नियम नुसता पाठ करून भागत नाही. तो वेळेवर आठवला पाहिजे. म्हणून एवढे ध्यानात ठेवा.

गाडी पुरती थांबल्याशिवाय चढू-उतरू नका.

घाटात उभे असाल, तर दांडी घट्ट धरा. लेकराला मांडीवर नीट धरून बसा.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भाराच्या वर बसू नका. वळणावर ट्रॉली वळेल, तुम्ही सरळ जाल.

होडी काठाला बांधल्यावर एकेकाने उतरा. उडी मारू नका.

आज घरी गेल्यावर हे पान मुलांना वाचून दाखवा. आणि विचारा, "धक्का कोणी दिला?"