घरातली तुळई आणि पुलाचा गर्डर

मंडळी, संकष्टीला ओझरला किती गर्दी होते, हे जुन्नर-आंबेगावकडच्या माणसाला सांगायला नको. कुकडीच्या काठी विघ्नहराचं देऊळ. तिथून जवळच लेण्याद्री. एकाच तालुक्यात अष्टविनायकांतली दोन ठिकाणं, त्यामुळे वर्षभर माणसांची रीघ असते.

अशा ठिकाणाजवळ पूल बांधायचा झाला, म्हणजे इंजिनिअर आधी एक आकडा मांडतो. पुलावरच्या पायवाटेला दर चौरस मीटरला ४०० किलो भार धरायचा, पण तीर्थक्षेत्र किंवा मोठ्या जत्रेचं गाव जवळ असेल तर ५०० किलो धरायचा, असं इंडियन रोड्स काँग्रेसचे नियम सांगतात. एवढा का? एका चौरस मीटरात आठ माणसं दाटीवाटीनं उभी राहिली आणि दर माणशी ६० किलो धरले, तर ४८० किलो झाले. म्हणजे देवाच्या दारची गर्दी पुलाच्या हिशेबात आधीच मांडलेली असते. हा सगळा भार पेलतो तो गर्डर. आज त्याचीच ओळख करून घेऊ.

गर्डर काही परका नाही. जुन्या वाड्यात मान वर करून बघा. खांबावर जाड तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट. माळ्यावर ज्वारीचं पोतं ठेवलं, तर त्याचं वजन पाटावरून कडीवर, कडीवरून तुळईवर, तुळईवरून खांबावर आणि शेवटी जमिनीत जातं. पुलाचंही तसंच. रस्त्याचा स्लॅब गर्डरवर, गर्डर दगडी किंवा काँक्रीटच्या खांबांवर. घरात आपण खण मोजतो, पुलात गाळे मोजतात. गर्डर म्हणजे पुलाची तुळई.

आता तुळई भार पेलते म्हणजे करते काय? बाभळीची नाहीतर लिंबाची एक हिरवी फांदी घ्या आणि दोन्ही हातांनी वाकवा. बाहेरच्या बाजूची साल ताणून फाटते, आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात. दोन खांबांवर टेकलेल्या तुळईचं हेच होतं. वजन पडलं की ती किंचित खाली वाकते. तिची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. मधल्या गाभ्याला त्या मानानं कमी ओढ असते.

गुरुजींनी वर्गात एक प्रयोग जरूर करावा. दोन विटांवर फूटपट्टी आडवी ठेवावी आणि मध्ये बोटानं दाबावं. पट्टी लगेच वाकते. मग तीच पट्टी काठावर उभी धरून दाबावं. आता ती हलत नाही. लाकूड तेवढंच, मग फरक कशाचा? उंचीचा. तुळईची रुंदी दुप्पट केली तर ताकद दुप्पट होते, पण उंची दुप्पट केली तर चौपट होते. म्हणून सुतार तुळई उभी बसवतो आणि म्हणूनच पुलाचे गर्डर उंच दिसतात. गाळ्याचा हिशेब मात्र उलटा. गाळा दुप्पट लांब केला आणि भार त्याच दाटीनं पसरला, तर गर्डरला वाकवणारा जोर चौपट होतो.

लोखंडी गर्डरचा आकारही याच हिशेबातून आला आहे. वर एक रुंद पट्टी, खाली एक रुंद पट्टी आणि त्यांना जोडणारा उभा पातळ पत्रा. जिथं दाब आणि ताण जास्त, तिथं लोखंड जास्त. काँक्रीटची गोष्ट थोडी वेगळी. काँक्रीट दाब चांगला सोसतं, पण ताणाला कच्चं. म्हणून तुळईच्या खालच्या अंगाला लोखंडी सळया घालतात. ताण त्या घेतात.

घर बांधणाऱ्यांनी इथं एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दाराबाहेर आलेला छज्जा एकाच बाजूला धरलेला असतो. तो वाकतो तेव्हा त्याची वरची बाजू ताणली जाते. त्याच्या मुख्य सळया वरच्या अंगाला हव्यात. काँक्रीट ओतताना मजुरांच्या पायांखाली त्या दबून खाली गेल्या, तर आधाराची फळी काढताच छज्जा पडू शकतो. तेवढा वेळ स्वतः उभं राहून बघावं. नळासाठी तुळईला खालून खाचा पाडणं तर कटाक्षानं टाळावं.

आता आपल्याच जिल्ह्यातली एक दुःखाची गोष्ट. मावळ तालुक्यात कुंडमळा इथं इंद्रायणीवर जुना लोखंडी पूल होता. १५ जून २०२५, रविवारचा दिवस. पावसाळी नदी बघायला आलेल्यांची पुलावर गर्दी झाली आणि पूल कोसळला. चार माणसं गेली, कितीतरी जखमी झाली. धोक्याचा फलक तिथं होता, पण फलकानं गर्दी थांबली नाही.

लोखंडाचा पूल म्हातारा होतो तो गंजानं. समजा, गर्डरची खालची पट्टी दहा मिलिमीटर जाड होती आणि दोन मिलिमीटर गंजात गेले, तर ताण घेणाऱ्या त्या पट्टीचा पाचवा हिस्सा गेला. वरून रस्ता तसाच दिसतो, कठडाही उभा असतो, पण पूल नवा असताना हिशेबात धरलेली गर्दी आता त्याला पेलेलच असं नाही. आणि माणसं तर पूर्वीपेक्षा जास्त येतात, वर मोटारसायकली घालतात.

तेव्हा मंडळी, आपल्या गावच्या ओढ्यावर, नदीवर पूल असेल, तर उन्हाळ्यात पाणी आटल्यावर एकदा खाली उतरून वर बघा. गर्डरचा मधला भाग खालून आणि खांबावर टेकलेली टोकं नीट पाहा. गंजाचे पापुद्रे सुटलेत का, काँक्रीटला तडा जाऊन सळई उघडी पडली आहे का, गाळा मध्ये खचल्यासारखा दिसतो का? असं काही आढळलं तर ग्रामसभेत सांगा, लेखी अर्ज द्या, इंजिनिअरकडून तपासणी मागा. आणि धोक्याचा फलक लागला असेल, तर जत्रेच्या दिवशी त्या पुलाच्या दोन्ही तोंडांशी माणसं उभी करा.

घराची तुळई आपण येताजाता बघतो. पुलाची तुळई आपल्या पायाखाली असते, म्हणून ती दिसत नाही. ती मुद्दाम वाकूनच बघावी लागते.