नालेसफाई झाली, मग पाणी का तुंबलं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढून टाकली आहे.

मुलुंडच्या एका श्रोत्याने विचारलं होतं, "दर वर्षी मे महिन्यात नालेसफाई होते, टक्केवारी पेपरात येते, आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी असतं. मग साफ काय झालं?" प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर शोधताना मी बराच खोलात गेलो. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, त्यामुळे सगळं मला थोडं सिस्टिमसारखं दिसतं. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: आपण किती गाळ काढला ते मोजतो, पाणी वाहतंय का ते मोजत नाही. आता हे नीट उलगडून बघू.

आधी पाण्याचा रस्ता. गच्चीवर पडलेलं पाणी पाइपने खाली येतं, सोसायटीच्या चेंबरमधून रस्त्याकडेच्या गटारात जातं, तिथून छोट्या नाल्यात, मग मोठ्या नाल्यात किंवा नदीत, आणि शेवटी खाडीत किंवा समुद्रात. बोरिवलीचं बरंचसं पाणी दहिसर आणि पोयसर नदीकडे जातं. गोरेगावकडचं ओशिवरा नदीतून मालाडच्या खाडीला मिळतं. घाटकोपरला सोमय्या नाला, लक्ष्मीबाग नाला आहेत, आणि घाटकोपर-मुलुंडचं पाणी पूर्वेला ठाण्याच्या खाडीकडे जातं. दक्षिण मुंबईत बऱ्याच जलवाहिन्या जमिनीखाली आहेत. उपनगरात मात्र बहुतेक ठिकाणी उघडी गटारं आणि उघडे नाले. म्हणजे कचरा टाकायला सोपे, आणि साफ करायलाही तुलनेने सोपे.

आता क्षमता. मुंबईची जुनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी होती. तीही समुद्राला ओहोटी असताना, आणि पडलेल्या पाण्यातलं निम्मं जमिनीत मुरेल असं धरून. १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने ही क्षमता ५० मिलिमीटरवर न्यायला सांगितलं. त्यावर बरीच वर्षं फारसं काही झालं नाही. मग २६ जुलै २००५ आला. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर. त्यानंतर माधवराव चितळे समिती बसली आणि ब्रिमस्टोवॅडची फाइल पुन्हा उघडली.

तासाला ५० मिलिमीटर म्हणजे किती? हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमच्या सोसायटीचा प्लॉट एक हजार चौरस मीटरचा असेल, तर ५० मिलिमीटरला तासाभरात ५० हजार लिटर. आपल्याकडे येतो तो दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. असे पाच टँकर, एका तासात, एका सोसायटीतून. आणि आवारात सगळीकडे काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक असतील, तर मुरणारं पाणी जवळजवळ शून्य.

८ जुलै २०२४ च्या पहाटे मुंबईत काही ठिकाणी सहा तासांत ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. भागून बघा. तासाची सरासरी ५० च्या वर येते. म्हणजे सगळं नव्या क्षमतेचं असतं आणि अगदी स्वच्छ असतं, तरी त्या रात्री व्यवस्था काठावरच राहिली असती. पाऊस काही सरासरीने पडत नाही. एका तासात कमी पडतो, दुसऱ्यात दुप्पट.

त्यात भरती. पाणी समुद्रात सोडणारी जी तोंडं आहेत, ज्यांना पालिका 'पातमुखं' म्हणते, त्यातली बहुतेक भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. मोठी भरती आली की पाणी बाहेर जायचं थांबतं, दरवाजे नसतील तर उलटं आत येतं. म्हणून पंप लागतात. आठ उदंचन केंद्रं ठरली होती. जुहूचं इर्ला, सांताक्रूझचं गझदरबंध अशी सहा चालू झाली. मोगरा आणि माहुल ही दोन २०२५ च्या पावसाळ्यातही नव्हती. अंधेरी सबवे दर वर्षी बातमीत का असतो, याच्या उत्तराचा एक मोठा तुकडा मोगरा नाल्यापाशी सापडतो.

आता आपण गाळाकडे येऊ. पाणी उतारावर जोरात असतं तोवर माती, वाळू, खडी सोबत घेऊन जातं. उतार कमी झाला की वेग कमी होतो आणि हे सगळं तळाशी बसतं. उपनगरात डोंगराकडून पाणी येतं आणि खाडीजवळ जमीन सपाट होते. म्हणजे गाळ बसतो तो नेमका सपाटीवर आणि अरुंद जागी: रेल्वेखालचा कल्व्हर्ट, रस्त्याखालची मोरी, पुलाचा खांब, नाल्यातून आडवी गेलेली पाण्याची किंवा केबलची पाइपलाइन. त्या पाइपला एक गादी अडकते, गादीला पिशव्या अडकतात, आणि मग ते छोटं धरणच होतं. बांधकामाचं सिमेंटचं पाणी गटारात गेलं तर त्याहून वाईट. गाळ उपसता येतो, पण घट्ट बसलेलं सिमेंट फोडावं लागतं.

समजा, मोरी दोन मीटर खोल आहे आणि तळाशी अर्धा मीटर गाळ आहे. जागा पंचवीस टक्के गेली. वाहून जाणारं पाणी मात्र त्याहून जास्त घटतं, कारण प्रवाह उथळ झाला की वेगही कमी होतो. आमच्या धंद्यात एक गोष्ट लवकर शिकायला मिळते. दहा सर्व्हर रिकामे असले तरी काम अडतं ते सर्वांत हळू असलेल्या अकराव्यापाशी. नाल्याचं अगदी तसंच आहे. चारशे मीटर नाला चकाचक केला आणि रेल्वेखालची वीस मीटर मोरी राहिली, तर कागदावर ९५ टक्के काम झालं. तुमच्या गल्लीसाठी मात्र काहीच झालं नाही. शिवाय नाला पालिकेचा, रुळाखालची मोरी रेल्वेची. दोघांनी एकाच आठवड्यात साफ केलं तरच उपयोग.

आता मोजमाप. नालेसफाईत पोकलेनने गाळ काढतात, काठावर वाळवतात, डंपरमध्ये भरतात, वजनकाट्यावर तोलतात आणि शहराबाहेर टाकतात. उद्दिष्ट टनांत, पैसेही टनांवर. टनांवर पैसे असले की वजन वाढवायचा मोह आलाच. २०२५ मध्ये पालिकेने गाळकामाचे व्हिडिओ मागवून ते एआयने तपासायला सुरुवात केली. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मिठी नदीच्या गाळकामात सुमारे ६५ कोटींचा गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून गुन्हा नोंदवला. खरं-खोटं न्यायालय ठरवेल. माझा मुद्दा वेगळा आहे. व्हिडिओ शंभर टक्के खरे असले, तरी ते सांगतात की डंपर भरला. मोरीखालून पाणी जातंय की नाही, हे त्यातून कळत नाही.

मला विचाराल तर आकडा दुसरा हवा. प्रत्येक अरुंद जागी तळाची पातळी मोजायची. सफाईआधी एकदा, नंतर एकदा, आणि पावसाळ्यात दर मोठ्या पावसानंतर पुन्हा. भिंतीवर रंगवलेली पट्टी आणि एक लांब बांबू, एवढ्यात होतं. आणि तो आकडा वॉर्डच्या फलकावर लावायचा. कारण जूनमध्ये साफ केलेली मोरी जुलैमध्ये पुन्हा भरलेली असू शकते. देखभाल हा काही वार्षिक सण नाही.

आता आपल्या हातातलं. हे सोसायटीच्या सेक्रेटरींना जरूर पाठवा.

एक, चेंबर. चांगल्या चेंबरचा तळ बाहेर जाणाऱ्या पाइपपेक्षा फूटभर खाली असतो. ती जागा मुद्दाम गाळ बसण्यासाठी असते. ती पाइपच्या तळापर्यंत भरली की पुढचा सगळा गाळ पाइपमध्येच जातो. झाकण उघडून काठी घाला. पाइपखाली चार बोटंच जागा उरली असेल, तर उपसायची वेळ झाली. मे महिन्यात एकदा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस उघडला असेल तेव्हा पुन्हा. काढलेला गाळ गटाराशेजारी ठेवू नका, पहिल्या सरीत तो परत आत जातो.

दोन, जाळी. आडवी जाळी बंद व्हायला एक पिशवी आणि मूठभर पानं पुरतात. पाऊस सुरू असताना जाळीवरचा पाला सुरक्षित ठिकाणी उभं राहून काठीने बाजूला करणं, हे वॉचमनचं सर्वांत मोलाचं पाच मिनिटांचं काम.

तीन, पर्जन्य जलसंचयनाचा फिल्टर. २००२ पासून मुंबईत मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना ही सोय सक्तीची आहे. त्यामुळे खडी-वाळूचा फिल्टर बऱ्याच ठिकाणी असतो. तो शेवटचा कधी धुतला, ते मात्र कोणालाच आठवत नाही. वरचा वाळूचा थर दर वर्षी काढून धुवा किंवा बदला. गच्ची आधी झाडा. पहिल्या एक-दोन पावसांचं धुळकट पाणी बायपासने बाहेर सोडा, मगच फिल्टर सुरू करा. तुंबलेला फिल्टर पाणी मुरवत नाही, उलट ते आवारात ढकलतो.

चार, आणि हे सर्वांत महत्त्वाचं. पाणी ओसरावं म्हणून रस्त्यावरचं मॅनहोल कधीही उघडू नका. २९ ऑगस्ट २०१७ ला डॉक्टर दीपक अमरापूरकर प्रभादेवीजवळ अशाच उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये अंधेरी पूर्वेला सीप्झजवळ एक महिला उघड्या जलवाहिनीत पडून दगावली. गढूळ पाण्याखाली झाकण आहे की नाही, हे चालणाऱ्याला दिसत नाही. झाकण नसलेलं दिसलं तर तिथे आडोसा उभा करा, शेजारी माणूस ठेवा आणि १९१६ वर फोन करा. आणि चेंबरमध्ये माणसाला उतरवू नका. आतल्या वायूने क्षणात जीव जातो.

मुलुंडच्या त्या श्रोत्याला एवढंच सांगेन: पुढच्या मे महिन्यात टक्केवारी वाचलीत, की वॉर्ड ऑफिसला एकच प्रश्न विचारा, "आमच्या गल्लीचं पाणी ज्या मोरीतून जातं, तिच्या तळाशी आज किती गाळ आहे?" उत्तर मिळालं तर मला नक्की कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवतो.