भिडू की कच्चे लिंबू?

लोह्याकडच्या कोणत्याही जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणावर मधल्या सुट्टीत डाव मांडला गेला, की एखाद्या लहानग्या किंवा दुबळ्या मुलाला ‘कच्चे लिंबू’ ठरवून खेळात सामावून घेण्याची जी रीत महाराष्ट्रभर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तिच्यात दया आहे तशी एक सूक्ष्म अवहेलनाही आहे. कारण कच्चे लिंबू कधी बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, आणि म्हणूनच तो डाव खऱ्या अर्थाने त्याचा कधी नसतो. बालवाङ्मयातील अपंग मुलाची अवस्था दीर्घकाळ हीच होती.

योहाना स्पायरी या स्विस लेखिकेच्या ‘हायडी’मधील क्लारा चाकांच्या खुर्चीला खिळलेली असते, परंतु आल्प्सची हवा, शेळीचे दूध आणि हायडीची मैत्री यांच्या प्रभावाने ती अखेर चालू लागते, फ्रान्सेस हॉजसन बर्नेटच्या 1911 सालच्या ‘द सीक्रेट गार्डन’मधील कॉलिनही बागेत असाच उभा राहतो. दोन्ही पुस्तके मनोहर आहेत, यात वाद नाही. परंतु ज्या मुलाचे पाय कोणत्याही हवेने बरे होणार नाहीत, त्याने ती मिटताना काय समजावे, हा प्रश्न त्या काळच्या लेखकांना फारसा पडलेला दिसत नाही.

आपल्या मराठवाड्याच्या पदरी मात्र एक निराळी कथा आहे. तेरच्या गोरोबाकाकांना गेलेले हात परत मिळाले, हे सर्वश्रुत आहे. पण पैठणचे कूर्मदास, ज्यांना जन्मतः हातपाय नव्हते आणि जे गडबडा लोळत पंढरीच्या वाटेला लागले, त्यांची आख्यायिका सांगते की लऊळ गावी त्यांची शक्ती संपली तेव्हा त्यांना अवयव फुटले नाहीत, तर विठ्ठलच उठून त्यांच्या भेटीस आला. मला तरी ही कथा ‘हायडी’हून अधिक आधुनिक वाटते.

याच जातीचे पुस्तक म्हणजे तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’. 1981 साली जपानीत निघालेले आणि मराठीत शिक्षक-पालकांच्या घरोघरी पोचलेले हे पुस्तक वस्तुतः आठवणींचे आहे, पण मुले ते गोष्ट म्हणूनच वाचतात. तोमोए शाळेत प्रत्येक मुलाचे एक स्वतःचे झाड असते. पोलिओ झालेल्या यासुआकीला मात्र झाड नाही, कारण त्याला चढताच येत नाही. तेव्हा तोत्तोचान घरी थाप मारून सुट्टीत शाळा गाठते, शिडी ओढून आणते, ती साधत नाही म्हणून दुसरी घोडीची शिडी आणते, खालून ढकलते, वरून ओढते, आणि घामाघूम होऊन त्या मित्राला आपल्या झाडावर पाहुणा म्हणून बसवते. यासुआकीचे पाय तसेच राहतात. पुढे तो बालवयातच मरणही पावतो, आणि लेखिका ते लपवत नाही. याच शाळेचे मुख्याध्यापक सोसाकु कोबायाशी यांनी क्रीडादिनाच्या शर्यतीच अशा योजल्या होत्या की ज्याची वाढ खुंटली होती तो ठेंगू ताकाहाशी त्यांत पहिला यावा. जिंकवण्यासाठी कोणी हरल्याचे सोंग केले नाही; नियमच त्याच्या शरीराला अनुकूल असे बेतले गेले.

अलीकडे चेन्नईच्या तुलिका प्रकाशनाने काढलेल्या ‘कॅच दॅट कॅट!’ या चित्रपुस्तकातील डिपडिप तर मैत्रिणीचे हरवलेले मांजर शोधत स्वतःच झाडावर चढते. ती चाकाच्या खुर्चीत बसते हे केवळ चित्रांतून कळते, मजकुरात त्याची वाच्यता नाही. हे मौन मला विशेष मोलाचे वाटते.

सरकारदरबारी या बाबतीत पुष्कळ तजवीज झाली आहे. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात ते 21 झाले, आणि अशा मुलांना इतरांसमवेत एकाच शाळेत शिकवावे असे धोरण ठरले. परंतु हजेरीपटावर नाव चढले म्हणून मैत्री होत नाही. मैत्री कशी जुळते हे मुलांना कायद्याहून कथा अधिक लवकर दाखवते, आणि ती कथा त्यांच्याच मुलखातील असली तर अधिक चांगले.

हे काम आपल्या भागाच्या आवाक्याबाहेरचे नाही. नांदेडचे सुरेश सावंत यांना 2025 साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, तेव्हा लेखणीची वाण येथे नाही हे उघड आहे. तेव्हा नांदेड-लातूरच्या लेखकांना एवढीच विनंती की त्यांनी लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत एकदा असा नायक पाठवावा, जो तीनचाकीवरून घोडेबाजार पाहायला जाईल, मित्राशी कडाक्याचे भांडेल, थोडी लबाडीही करील, आणि गोष्ट संपेल तेव्हा त्याच तीनचाकीवर घरी परतेल.