लोहगावचा हवाई तळ: समज आणि वस्तुस्थिती

महाबळेश्वर, वाई, सातारा या मुलखातील मनुष्यास विमानाने परगावी जावयाचे झाल्यास तो बहुधा पुण्याजवळचे लोहगाव गाठतो, आणि तेथील प्रशस्त प्रवासी इमारत पाहून त्याची अशी समजूत होते की, हा विमानतळ मुळात नागरी असून हवाई दलास त्याचा एखादा कोपरा तोडून दिलेला असावा. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. धावपट्टी हवाई दलाची, उड्डाणांचे नियंत्रणही त्याच्याच हाती, आणि प्रवासी विमाने त्याने दिलेल्या मुभेवर ये-जा करतात. ऑक्टोबर 2021 मध्ये डागडुजीसाठी ही धावपट्टी 14 दिवस बंद राहिली, तेव्हा पुण्याची सारी प्रवासी विमानवाहतूक थांबली होती.

हा तळ पुण्याच्या छावणीसाठी निर्माण झाला, हाही असाच एक समज. 1939 साली इंग्रजी अमलात तो उभारला गेला तो मुंबईच्या हवाई संरक्षणाची तजवीज म्हणून. पुढे 2002 साली सुखोई-30 एमकेआय विमाने हवाई दलात प्रथम दाखल झाली, तीही येथेच.

सर्वांत चिवट गैरसमज मात्र गोवामुक्तीविषयीचा आहे. लोहगावच्या विमानांनी दाबोळीचा पोर्तुगीज लष्करी तळ बेचिराख केला, असे आजही अभिमानाने सांगितले जाते. परंतु दाबोळी हा नागरी विमानतळ होता आणि गोव्यात पोर्तुगीजांचे एकही लढाऊ विमान नव्हते. 18 डिसेंबर 1961 रोजी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली 12 कॅनबेरा विमानांनी तेथे 63,000 पौंड वजनाचे बॉम्ब टाकले ते धावपट्टीवर, कारण प्रवासी इमारत व नियंत्रण मनोरा यांस धक्का लागू नये, असा स्पष्ट हुकूम होता. आणि तो इतक्या काटेकोरपणे पाळला गेला की, शेजारीच उभी असलेली दोन प्रवासी विमाने शाबूत राहिली व त्याच रात्री, धावपट्टीच्या उरल्यासुरल्या तुकड्यावरून उडून, अंधारात कराचीकडे निसटली. ती निसटली याची खंत करणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे की, विध्वंस करण्याचे सामर्थ्य हाती असताना जेवढा आवश्यक तेवढाच आघात करणे, हे त्या वैमानिकांच्या शिस्तीचे खरे भूषण होय. दाबोळी लष्करी तळ झाला तो त्यानंतर, भारतीय नौदलाच्या ताब्यात आल्यावर. आणि आज तेथील प्रवासी विमानेही, लोहगावप्रमाणेच, लष्करी धावपट्टीवरून उडतात.